खिंडीच्या अलीकडे

"हा पट्टा शिवणाऱ्याला स्वतःला खांदा नसणार. असता तर असा शिवला नसता."

बाबा हे कुणाला उद्देशून बोलत नव्हते. बसमध्ये माझ्या शेजारी, सॅक मांडीवर घेऊन, बकलाशी झटापट करत पुटपुटत होते. पण त्यांचं पुटपुटणंही असं, की पुढच्या दोन रांगांतल्या माणसांनी आपापले खांदे चाचपून बघावेत.

"नवी आहे बाबा. अंगवळणी पडायला वेळ लागतो," मी म्हटलं.

"माझ्या अंगाला आता नव्या वळणासाठी वेळ नाही."

मागच्या सीटवर धाकटा, म्हणजे माझा भाऊ, काचेला डोकं टेकवून झोपल्याचं नाटक करत होता. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दर वळणावर त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, त्यावरून झोप खोटी आहे हे कळत होतं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सगळा जन्म त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. दुकानांतले, गिरण्यांतले, दवाखान्यात बाळं तोलतात तेसुद्धा. घराच्या खालच्या मजल्यावर वर्कशॉप. अख्ख्या बाजारात त्यांना 'काटेवाले' म्हणत, आणि ते नाव जिभेलाही लागू होतं. वस्तू तळहातावर घेऊन वजन सांगायचे, मग काट्यावर टाकायचे, आणि फरक निघाला तर आधी काटा तपासायचे.

दोन महिन्यांपूर्वी ते वर्कशॉपच्या जिन्यावरून पडले. सकाळी सातला पडले, दुपारी तीनला शेजारीण डोकावली तेव्हा सापडले. "हाक का नाही मारलीत?" असं मी विचारलं तर म्हणाले, "मारून कोण येणार होतं? मी मोजत होतो, किती वेळाने येतं कुणी ते. आठ तास."

त्यानंतर धाकट्याचा मला फोन आला. "ताई, काहीतरी करायला पाहिजे." काहीतरी म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणीच विचारलं नाही. शहराबाहेर त्याने म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा हेरून ठेवली होती. आम्ही जाऊन पाहून आलो. दुसरा मजला, लोखंडी पलंग, उशाशी घंटेची दोरी, खिडकीतून गाड्या लावायचं मैदान. तिथल्या बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर यादीतल्या पुढच्यांना देऊ. आम्ही आपसात तिला 'ती खोली' म्हणायचो. बाबांसमोर तेवढंही नाही. त्यांना आम्ही एवढंच म्हणायचो, "बाबा, तुम्ही आता एकटं राहायचं नाही." हे अर्धंच वाक्य होतं. उरलेलं अर्धं त्यांनी मनात कसं पुरं केलं, ते आम्ही विचारलं नाही.

शेवटी पैज त्यांनीच लावली. तरुणपणी दर उन्हाळ्यात ते एका डोंगरवाटेने जायचे. तीन दिवसांची चाल, मध्ये मुक्कामाला दोन निवारे, शेवटी खिंड. "माझी सॅक माझ्या पाठीवर घेऊन खिंडीत पोचलो, तर हा विषय बंद. मरेपर्यंत मी माझ्या घरात. नाही पोचलो, तर तुम्ही म्हणाल तसं."

"शब्द?" धाकटा म्हणाला.

"मी वजनात आणि शब्दात कधी काटा मारला नाही. तुझं तू बघ."

धाकटा लगेच तयार झाला, कारण बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे त्याने पाहिला होता.

डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली. बाबांनी खिशातून ताणकाटा काढला आणि तिन्ही सॅक एकेक करून त्याच्या आकड्याला अडकवून तोलल्या. त्यांची नऊ किलो दोनशे, माझी साडेदहा, धाकट्याची बारा. "धाकट्याच्या बारामध्ये चार किलो तर खाऊच असणार," असं म्हणून ते तोंड धुवायला नळाकडे गेले.

तेवढ्यात धाकट्याने आपल्या सॅकमधून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि बाबांच्या सॅकच्या तळाशी सारलं. टॉवेलाचं टोक सुटलं होतं म्हणून मला दिसलं. वर्कशॉपमधलं लोखंडी वजन होतं. दोन किलोचं.

"गुडघ्याला एवढं पुरेल," तो कुजबुजला.

"त्यांना कळेल."

"ताई, त्यांना आज वार कुठला ते कळत नाही."

सॅकचं तोंड मीच आवळून बांधलं, कारण धाकट्याला गाठ धड मारता येत नाही.

बाबा आले. सॅक उचलली, खाली ठेवली, परत उचलली. माझ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. "चला," म्हणाले.

आणि चालायला लागले, ते असे की आमचीच दमछाक. पहिला चढ दगडी पायऱ्यांचा, मग पाइनच्या झाडांतून वळणं. त्यांची चाल हळू होती, पण ती तुटत नव्हती. आम्ही भराभर जायचो, थांबायचो, धापा टाकायचो, आणि तोवर ते काठी टेकत शेजारून पुढे निघून जायचे.

"मोठे, जरा हलक्या पायाने. दरडी कोसळतात इथे."

"मास्तर, पहिला गिअर टाका. चढ आहे."

धाकट्याला ते मास्तर म्हणतात. मला मोठी. थोरली म्हणून मोठी, असं बाहेरच्यांना वाटतं. मी सहा वर्षांची झाले तेव्हापासून दर वाढदिवसाला ते मला वर्कशॉपच्या मोठ्या काट्यावर उभं करायचे आणि आकडा भिंतीवर तेलरंगाने लिहायचे. सोळाव्या वर्षापर्यंत. तुलनेला बाजूला साखरेच्या पोत्याचा आकडा. गिऱ्हाइकं वाचायची आणि हसायची, आणि बाबा सगळ्यांकडे कौतुकाने बघायचे, जणू मी शाळेत पहिली आले होते. धाकटा काट्यावर कधी टिकलाच नाही, पळून जायचा. म्हणून भिंतीवर मी एकटीच.

पुढे नवऱ्याला सोडून मी बॅग घेऊन घरी आले, तेव्हा त्यांनी दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सहा किलो घट," म्हणाले. "वाटेत कुणी काढून घेतलं?" आईने मला आत ओढलं नसतं तर मी तिथूनच परत फिरले असते. आई आता नाही. मी दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते, कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर असते, आणि माझ्या घरात वजनाचा काटा नाही. पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं.

पहिल्या निवाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. बाबा बूट काढून बाकावर बसले आणि सूप मागवलं. धाकट्याने टाचेवरचा फोड मला दाखवला आणि हळूच म्हणाला, "हा माणूस कशाचा बनलाय?"

"लोखंडाचा," मी म्हटलं. "तूच तर घातलंस."

त्याला हसू आलं नाही. मला आलं, आणि आल्याबरोबर लाजही वाटली. पण ती सकाळपर्यंत टिकली नाही. सकाळी बाबा माझ्याआधी तयार. दाढी केलेली, काठी हातात. "बाईसाहेब उठल्या का? की तुमची पालखी मागवू?" खोलीत अजून चार अनोळखी माणसं होती, ती हसली. गिऱ्हाइकं भिंतीवरचा आकडा वाचून हसायची, तशीच. बाबा पाणी भरायला गेले. मी अंगणातला एक चपटा दगड उचलला आणि त्यांच्या सॅकमध्ये, त्या टॉवेलाच्या वर, ठेवला. धाकटा बघत होता. आम्ही बहीणभाऊ लहानपणापासून एकमेकांना सांभाळून घेतो.

त्या दिवशीची वाट ओढ्याच्या कडेने. पाणी बर्फासारखं, वारा कानशिलावर. बाबांचा उजवा पाय आता किंचित ओढला जात होता. मी मागून तो पाय बघत चालले होते. मनात एकच: आता बसतील, आता बसतील. कुणाच्या बसण्याची एवढी वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ते बसले, पण जेवायला. ओढ्याकाठच्या खडकावर पाव आणि उकडलेली अंडी काढली. मग मीठ शोधायला म्हणून त्यांनी सॅकमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि आधी माझा दगड बाहेर काढला, मग टॉवेल. दोन्ही खडकावर शेजारी शेजारी मांडलं. टॉवेल उलगडला.

"मीठ तुझ्याकडे आहे का गं मोठे?"

मी मिठाची पुडी दिली. त्यांनी अंडं सोललं, मीठ लावलं, खाल्लं. धाकटा ओढ्याकडे बघत बसला.

"गंमत केली हो बाबा," तो शेवटी म्हणाला.

"दोन किलोचं वजन," बाबा म्हणाले, जणू गिऱ्हाइकाला समजावत होते. "पण हे दोन किलो नाही. चाळीस ग्रॅम कमी भरतं. झिजलंय. म्हणून मी ते वरच्या फळीवर बाजूला ठेवलं होतं. फळीवर धड वजनं होती की, मास्तर. बापाला फसवायचं तर निदान खऱ्या मापाने फसवावं."

धाकट्याचे कान लाल झाले.

"आणि हा दगड सव्वा किलो. हा आज सकाळचा. हा मोठीचा."

"कशावरून?" मी म्हटलं.

"मास्तर वाकून दगड उचलायचा नाही. तो लबाडी घरून बांधून आणतो. तू जागेवर करतेस."

मग त्यांनी दोन्ही वस्तू परत सॅकमध्ये ठेवल्या. नीट, वजन पाठीच्या मणक्यालगत येईल अशा बेताने. मी म्हटलं, "बाबा, काढून टाका. पुरे झालं."

"का? आज काढलं तर उद्या म्हणाल, हलकी होती म्हणून चढला म्हातारा. राहू दे." आणि उठले.

त्या दुपारी चालताना बाबा अधूनमधून शीळ घालत होते. ती शीळच मला जास्त लागत होती. रागावले असते, तर आम्ही दोघं उलटून बोललो असतो. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, तोंडाशी आलेलं होतं. पण माणूस शीळ घालत असेल तर त्याच्याशी भांडायचं कसं?

वरचा निवारा म्हणजे एक लांबट खोली, दोन मजली बिछाने आणि स्वयंपाकाची ओसरी. तो एक बाई चालवायची. माझ्याच वयाची, मोठ्या हातांची, बोलायला रोखठोक. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. धाकटा फोड फोडायला सुई शोधत आत गेला. मी मागच्या नळावर मोजे धुवायला बसले. मधे फक्त फळ्यांची भिंत. पलीकडे बाबा त्या बाईला तिचा स्वयंपाकघरातला काटा नीट करून देत होते, फुकट आणि न विचारता.

"ह्या वयात खिंडीत? मुलांनी आणलं?" बाई विचारत होती.

"मी आणलं त्यांना. पैज आहे. खिंडीत पोचलो तर मी माझ्या घरी एकटा. हरलो तर मोठीकडे राहायला."

माझ्या हातातला मोजा पाण्यात पडला.

"असं ठरलंय?"

"ठरवायला कशाला पाहिजे? एकटं राहू नका म्हणतात दोघं, घसा सुकेस्तोवर. धाकट्याची बायको मला दारात उभं करणार नाही. राहिली मोठी. ती एकटी, दोन खोल्या. खिडकीखाली दिवाण आहे. मी बघून ठेवलाय."

"मग जिंकायचं कशाला? सरळ जाऊन राहायचं."

"विचारू कसा? आयुष्यभर हिला टोचून बोललो. आता म्हणू, बाई गं, मला ठेवून घे?" काट्याचं पारडं किणकिणलं. "त्यापेक्षा हरलेलं बरं. हरलेल्या माणसाला न्यावंच लागतं. अडचण एकच आहे, पाय ऐकत नाहीत. चालतच सुटतात."

बाई हसली.

"हसू नका. पोरांनी काय केलं सांगू? सॅकमध्ये वजन टाकलं. चोरून. धाकट्याने लोखंड, मोठीने दगड. आधी मलाही राग आला. मग ओढ्याकाठी बसल्या बसल्या लक्षात आलं. मला हरवायची केवढी घाई आहे बघा यांना. घरी न्यायचंच ठरवलंय. मोठी तर दगड शोधत अंगणात फिरली असणार." आणि त्यांनी परत ती शीळ घातली.

मी ओले मोजे तसेच टाकून आत गेले. धाकटा खालच्या बिछान्यावर पाय वर घेऊन बसला होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि सुई पायाजवळ धरून थांबला होता.

"बरंच झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"म्हणजे उद्या हरतील. मी फॉर्म आणलाय." त्याने सॅकच्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढून दाखवला. पेनसुद्धा. "खिंडीखालीच सही घेऊ. सोमवारी द्यायचाय."

"त्यांना वाटतंय ते माझ्याकडे येणार."

"वाटू दे ना. सही होईपर्यंत वाटू दे." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "की नेतेस? ने. मी काय नको म्हणणार आहे? आत्ता जाऊन सांग, बाबा, चला माझ्याकडे. जा."

मी दाराकडे पाहिलं. दारातून ओसरी दिसत होती. बाबा बाईच्या काट्यावर एकेक बटाटा ठेवून तपासत होते. मला डोळ्यांसमोर घरची माझी खोली दिसली. खिडकीखालचा दिवाण, संध्याकाळी मी त्यावर पाय पसरून बसते तो. मी जेवताना माझ्या ताटाकडे कुणी बघत नाही. आरशासमोर मी हवी तेवढी उभी राहते. ही एवढी हलकी हवा मिळवायला मला बावन्न वर्षं लागली होती.

"फॉर्म आत ठेव," मी म्हटलं. "चुरगळेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. निवाऱ्यापासून खिंड दीड तासावर. झाडं संपलेली, नुसता खडक आणि सुकं गवत, आणि वर एक लोखंडी खांब रोवलेला, तीच खिंडीची खूण. बाबा पुढे, मी मधे, धाकटा लंगडत मागे. सॅकमध्ये वजन आणि दगड दोन्ही होतं. निघताना मी परत म्हटलं होतं की काढू का. ते म्हणाले होते, "तुझा दगड तुझ्यापेक्षा बरा, उलट बोलत नाही."

खांब अगदी जवळ आला. पन्नास पावलं असतील, साठ असतील. बाबांना धाप लागलेली नव्हती. पाय ओढत होता, पण पडत होता जागेवर. ते थांबले. खांबाकडे बराच वेळ बघितलं. मग वाटेच्या कडेला एक बसका खडक होता, त्यावर टेकले, आणि सॅक पाठीवरून उतरवून खाली ठेवली.

"संपलं," ते म्हणाले. "हरलो. नाही जात आता पाय."

कुणालाही दिसत होतं की पाय जात होते.

धाकटा पोचला. त्याने बाबांकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि चेहरा जमेल तेवढा पडलेला केला. "जाऊ दे बाबा. खूप झालं. ह्या वयात एवढं कोण चढतं."

"शब्द म्हणजे शब्द. आता तुम्ही म्हणाल तसं." बाबा मांड्यांवर हात ठेवून बसले होते, एखाद्या कार्यालयात नाव पुकारायची वाट बघत बसावं तसे. "मला काय, पाचला उठायची सवय. पण मी आवाज करणार नाही. चहा माझा मी करीन. मोठी कामावर गेली की दिवसभर घरात कुणीतरी असलेलं बरंच. कपाटातला एक कप्पा पुरे. वर्कशॉपमधलं सामान काही आणत नाही, भिऊ नका."

धाकट्याने कागद काढला. पिशवीतून बाहेर काढताना वाऱ्याने तो फडफडला. "बाबा, इथे एक सही लागेल."

"सही कशाला? मुलीकडे जायला सही लागते का?" ते हसले. चष्मा सॅकमध्ये होता. त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला. "हे काय आहे? वाच रे."

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. त्याचा उजवा पाय जमिनीवर नुसताच दाबला गेला होता.

"नियम आहेत बाबा. सगळीकडे कागद लागतो हल्ली," तो म्हणाला. "आणि ताईकडे कसं आहे, दोनच खोल्या. जागेचा प्रश्न आहे. तुमचीच गैरसोय होईल."

"जागेचं काय घेऊन बसलास? मला दिवाण पुरे. दिवाण नको असेल तर खाली अंथरीन." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंडावर अजून हसू होतं, पण आता ते कुणीतरी बाहेरून धरून ठेवल्यासारखं होतं. "मोठे, तू सांग त्याला. माणूसभर जागा निघेल की नाही तुझ्याकडे?"

वारा थांबला होता. धाकट्याने माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हण अशी. जागा नाही म्हण. तेवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. बाबांनीही ते मानलं असतं. त्यांनीही तेच मागितलं होतं, एक खोटं माप, तिघांनाही परवडणारं.

"जागा आहे, बाबा," मी म्हटलं. "दिवाणही रिकामाच असतो. पण मला तुम्ही घरात नको आहात."